टुंड्रातल्या तळ्यात पाइनचे परागकण: तिथे जंगल होतं की वाऱ्यानं आणले?

पर्णिका

नमस्कार. माझं शिक्षण वनस्पतिशास्त्रातलं, परागकण मायक्रोस्कोपखाली ओळखायची सवय आहे. सध्या उत्तर ध्रुवाकडच्या तळ्यांच्या गाळावरून जुनं हवामान कसं काढतात यावर हाती लागेल ते वाचते आहे. वाचता वाचता एक शंका आली ती काही जात नाही, म्हणून हा धागा.

समजा झाडं न उगवणाऱ्या टुंड्रात एक तळं आहे. तळाच्या गाळात नळी घुसवून उभा गाभा काढला, थराथरातले परागकण मोजले आणि एका थरात पाइनचे पराग शेकडा तीस निघाले. पाइनच्या परागकणाला दोन बाजूंना हवेच्या पिशव्या असतात, तो वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो. मग हे तीस टक्के तळ्याकाठच्या झाडांचे की कुठल्या तरी लांबच्या जंगलाचे?

दुसरं म्हणजे कायरोनोमिड. डासासारखे दिसणारे पण न चावणारे हे कीटक. त्यांच्या अळ्यांच्या डोक्यांची कवचं गाळात टिकतात हे पटतं. पण त्यावरून दहा हजार वर्षांपूर्वीच्या जुलैचं सरासरी तापमान दशांश चिन्हासकट सांगतात, ते कसं? आणि पराग एक सांगतायत आणि कीटक दुसरंच, असं झालं तर विश्वास कुणावर ठेवायचा?

ज्यांनी हे काम हातानं केलंय त्यांनी सविस्तर लिहिलं तर फार बरं होईल.

गाळमित्र

पर्णिका, शंका रास्त आहे. मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत अशाच गाळातून कीटकांची कवचं वेचायचं काम केलंय, तेव्हा त्या बाजूबद्दल जास्त लिहीन. पण आधी पराग.

टक्केवारीची गोची अशी आहे की टुंड्रातली झुडपं स्वतः फार थोडे पराग हवेत सोडतात. ड्रायससारखी बुटकी ध्रुवीय झुडपं तर परागणासाठी कीटकांच्या भरवशावर असतात. त्यामुळे लांबून आलेले पाइनचे मोजके पराग एकूण हिशेबात मोठा वाटा खाऊन बसतात. पाइन वाढलं म्हणून नव्हे, तर बाकीचं कमी होतं म्हणून आकडा फुगतो. म्हणून नमुन्यात आधीच लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंच्या गोळ्या टाकतात. एका गोळीत किती बीजाणू आहेत हे माहीत असतं, त्यामुळे काचपट्टीवर ते किती दिसले यावरून एका घनसेंटिमीटर गाळात पाइनचे पराग खरोखर किती होते ते निघतं. थरांची वयं हाती असली तर दर वर्षी दर चौरस सेंटिमीटरवर किती पडले तेही काढता येतं. तीस टक्के असूनही हा आकडा अगदी क्षुल्लक निघाला, तर ते वाऱ्यानं आणलेले आहेत असं समजावं.

पण मला विचाराल तर तेवढ्यावरही थांबू नये. परागकण म्हणजे ऐकीव बातमी, आणि पाइनची सुई म्हणजे जागेवर हजर असलेला साक्षीदार. सुई, बी, खवला, सालीचा तुकडा या वस्तू काही शेकडो किलोमीटर उडून येत नाहीत. सुई कुजून गेली तरी तिच्या पर्णरंध्रांच्या रक्षकपेशी बऱ्याचदा टिकतात आणि परागांच्याच काचपट्टीवर दिसतात. तुम्हाला परागांची सवय आहेच, एकदा रंध्रांची चित्रं डोळ्यांखालून घाला. पाइनची रंध्रं दिसली की झाड जवळपास होतं हे नक्की.

या शास्त्राची सुरुवातही अशा हाताला लागणाऱ्या वस्तूंपासून झाली. परागांच्या टक्केवारीचा आलेख लेनार्ट फॉन पोस्ट यांनी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, मांडला तो १९१६ साली. त्याच्या कितीतरी आधी, १८७० मध्ये, आल्फ्रेड नाथहोर्स्ट यांना दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने भागात हिमयुगाच्या शेवटच्या चिकणमातीत थेट ध्रुवीय वनस्पतींची पानं सापडली होती. पुढे १९०१ मध्ये हार्ट्झ आणि मिल्थर्स यांनी डेन्मार्कमधल्या आलेरॉड इथल्या विटांच्या मातीच्या खाणीतले थर वर्णन केले: खाली ड्रायसची पानं असलेली चिकणमाती, तिच्यावर बर्चचे अवशेष असलेला सेंद्रिय तळ्याचा गाळ, आणि त्याच्यावर पुन्हा ड्रायसची चिकणमाती. म्हणजे हवा उबदार झाली, बर्च आला आणि मग थंडी परत फिरली. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या या थंडीच्या काळाला आज जगभर यंगर ड्रायस म्हणतात.

ड्रायसचं ते पान एकदा बघाच. जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांब, कडा कंगोरेदार आणि खालच्या बाजूला वळलेल्या, जाड, चामड्यासारखं. जिवंत पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव असते. गाळातलं पान तपकिरी होतं, पण चाळणीवर पाण्याची बारीक धार सोडली की त्याच्या शिरा आणि कंगोरे इतके स्वच्छ दिसतात की ओळखायला पुस्तक उघडावं लागत नाही. हजारो वर्षांपूर्वीचं पान बोटाच्या टोकावर असतं तेव्हा काम बाजूला ठेवून नुसतं बघत राहावंसं वाटतं.

झाडांच्या बाबतीत याहून मोठा पुरावा फिनलंडच्या लॅपलंडमध्ये आहे. तिथल्या छोट्या तळ्यांच्या तळाशी स्कॉट्स पाइनचे अख्खे ओंडके पडलेत, आणि त्यांतले काही आजच्या पाइनच्या सीमेपलीकडच्या तळ्यांत. त्यांची वार्षिक वलयं एकमेकांशी जुळवून साडेसात हजार वर्षांची सलग मालिका तयार झाली आहे. तळ्यात ओंडका आहे म्हटल्यावर काठावर झाड होतं की नव्हतं हा वादच उरत नाही.

कायरोनोमिडबद्दल वेगळा प्रतिसाद देतो, लांबेल.

पर्णिका

रंध्रांचं मला माहीतच नव्हतं! लगेच चित्रं शोधते. कायरोनोमिडची वाट बघते आहे. एवढे सगळे कीटक सोडून हेच का, तेही सांगा.

गाळमित्र

हेच का, तर ते सगळीकडे आहेत, जवळपास प्रत्येक तळ्यात. अळी तळाच्या गाळात राहते, चार टप्प्यांत वाढते, आणि प्रत्येक टप्प्याला कात टाकताना डोक्याचं कायटिनचं कवचही टाकते. बाकीचं अंग मऊ, ते नाहीसं होतं. कवच हजारो वर्षं राहतं. प्रौढ कीटक थोडेच दिवस जगतो पण त्याला पंख असतात, म्हणून हवा बदलली की नव्या तळ्यात पोचायला वेळ लागत नाही. अळीचं आयुष्य मात्र थंडीत भलतंच लांबतं. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या उथळ डबक्यांत कायरोनोमसच्या एका जातीला अंड्यापासून प्रौढ व्हायला सात वर्षं लागतात. उन्हाळा इतका तोकडा की दर साली थोडीथोडीच वाढ. ज्या प्राण्याचं सगळं जगणं उन्हाळ्याच्या उबेवर बेतलेलं आहे, तो उन्हाळ्याबद्दल सांगणारच.

कामाची रीत थोडक्यात अशी. गाळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ऊन करून मोकळा करायचा, मग साधारण ९० ते १०० मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा. चाळणीवर राहिलेला चोथा थोडा थोडा खाचांच्या ट्रेमध्ये घ्यायचा आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बारीक चिमट्यानं एकेक कवच उचलायचं. फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरी रंगापर्यंतच्या या टोप्या मिलिमीटरच्या काही दशांश भागाएवढ्या असतात. आजूबाजूला शेवाळाचे तंतू, वाळूचे कण, पाणपिसवांची कवचं. सुरुवातीला सगळं सारखंच दिसतं, नंतर नजर आपोआप कवचावर जाऊन थांबते.

उचललेलं कवच काचपट्टीवर उताणं ठेवावं लागतं, म्हणजे हनुवटीची बाजू वर. ओळख तिथंच पटते. तिथे मेंटम नावाची दातांची पट्टी असते, आणि कवच चारशे पट मोठं करून बघताना मधला दात किती, बाजूचे किती, कुठला आखूड, कुठला दुभंगलेला, यावरून गट ठरतो. कायरोनोमसचा मधला दात तीन भागांचा दिसतो. बरीच कवचं मधोमध चिरलेली मिळतात. अर्ध्या मेंटमचं कवच अर्धंच मोजायचं असा नियम आहे, म्हणून तक्त्यात साडेबारा, साडेसात असे आकडे दिसले तर दचकू नका. एका नमुन्यात निदान पन्नास कवचं तरी हवीत. अतिउत्तरेच्या गाळात तेवढी मिळेपर्यंत कधी कधी अख्खा दिवस जातो.

आता तापमान. आधी आजची तळी बघतात. थंड ते उबदार अशी शंभर-दोनशे तळी घ्यायची, प्रत्येकाच्या तळाचा अगदी वरचा, म्हणजे गेल्या काही वर्षांत साठलेला गाळ घ्यायचा, त्यातली कवचं मोजायची आणि तिथलं जुलैचं सरासरी तापमान शेजारी लिहायचं. नॉर्वे आणि स्वित्झर्लंडमधली मिळून २७४ तळ्यांची अशी एक मोठी जमवाजमव आहे. त्यातून कळतं की हेटेरोट्रिसोक्लॅडियस सबपायलोसस गारठ्यातच भरपूर सापडतो आणि डायक्रोटेन्डिपीससारखे उबेकडे झुकतात. प्रत्येक गटाची आवडती ऊब काढून मग जुन्या थरातल्या गटांच्या प्रमाणावरून त्या काळच्या जुलैचा अंदाज बांधतात. गणिती पद्धत बऱ्याचदा टेर ब्राक आणि जगिन्स यांनी १९९३ मध्ये मांडलेली असते.

दशांश चिन्हाचं म्हणाल, तर ते गणितातून येतं, निसर्गातून नाही. या पद्धतीची अंगभूत चूक साधारण एक ते दीड अंशाची असते. त्यामुळे आलेखातल्या अर्ध्या अंशाच्या चढउतारावर कुणी मोठी कहाणी रचली असेल तर मी ती मानत नाही. तीन-चार अंशांची उडी असेल, सलग बऱ्याच नमुन्यांत दिसत असेल, आणि शेजारच्या तळ्यातही दिसत असेल, तर मात्र ती खरी.

पराग आणि कीटक भांडले तर काय, याचं चांगलं उदाहरण नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं क्रोकेनेस हे छोटं तळं. यंगर ड्रायसमध्ये या तळ्याच्या वरच्या खोबणीत हिमनदी तयार झाली होती आणि तिचं गढूळ पाणी तळ्यात येऊन बारीक गाळ साठत होता. तो काळ संपताच कायरोनोमिडवरून उन्हाळा भराभर उबदार झाल्याचं दिसतं. पण बर्चचं रान तळ्याकाठी उभं राहायला आणखी सुमारे सहा-सातशे वर्षं लागली. नुसते झाडांचे पराग बघितले असते तर ऊब सहाशे वर्षं उशिरा आली असं वाटलं असतं. दोन्ही खरं बोलत होते. कीटक उन्हाळ्याबद्दल बोलत होते, आणि बर्च स्वतःबद्दल: बी कुठून आलं, माती तयार झाली का, रोप तगलं का. म्हणून विश्वास कुणावर, असं विचारण्यापेक्षा हा जीवाश्म कशाला उत्तर देतो आणि किती लवकर देतो, हे विचारलं तर भांडण बहुतेक वेळा मिटतं.

हिमशैवाल

गाळमित्र यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. डायटमबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, माझा तो विषय.

डायटम हे सिलिकेचं कवच असलेलं एकपेशीय शैवाल. अतिउत्तरेत त्यांचं तापमानाशी थेट नातं लावण्यापेक्षा तळ्यावरच्या बर्फाशी लावलेलं मला जास्त पटतं. थंड वर्षी उन्हाळ्यातही तळ्याच्या मधला बर्फ वितळत नाही, फक्त काठाला पाण्याची अरुंद कडा मोकळी होते. तेव्हा त्या काठाच्या उथळ पाण्यात दगडावर, गाळावर राहणारे छोटे फ्रॅजिलेरिया वाढतात. बर्फ लवकर जायला लागला की पाणशेवाळांना चिकटून राहणाऱ्या जाती वाढतात, आणि खोल तळ्यांत पाण्यात तरंगणारे सायक्लोटेला येतात. गाभ्यात हा बदल नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण हायड्रोजन पेरॉक्साइडनं सेंद्रिय भाग जाळून कवचं मोजली की थर ओलांडताच दिसतो.

कॅनडाच्या एल्समिअर बेटावरच्या केप हर्शेल इथली डबकी यासाठी प्रसिद्ध आहेत. डग्लस, स्मोल आणि ब्लेक यांनी १९९४ मध्ये दाखवलं की तिथले डायटम हजारो वर्षं जवळजवळ तसेच होते आणि एकोणिसाव्या शतकापासून झपाट्यानं बदलले. गाभ्याच्या अगदी वरच्या थोड्या सेंटिमीटरांत हे सगळं. पण मला चटका लावणारी गोष्ट पुढची आहे. त्याच डबक्यांवर १९८३ पासून नजर ठेवलेली होती, आणि २००६ च्या जुलैत त्यांतली काही पूर्ण आटून गेलेली आढळली. हजारो वर्षं पाणी धरून असलेली डबकी. ज्या गाळावरून आपण त्यांचा इतिहास वाचला, त्याच्यावर आता पुढचा थर बसायलाही पाणी नाही.

बॅफिन बेटावरच्या सीएफ-८ या तळ्याचंही वाचा, पर्णिका. त्याच्यावरून हिमस्तर गेला तरी खालचा गाळ खरवडला गेला नाही, म्हणून गेल्या दोन लाख वर्षांतल्या उबदार काळांचा गाळ तिथे एकावर एक मिळतो. २००९ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात डायटमही आहेत आणि गाळमित्र यांचे कायरोनोमिडही. थंडीतच राहणारे ऑलिव्हेरिडिया आणि स्यूडोडायमेसा हे कायरोनोमिड तिथे सुमारे १९५० नंतर घसरले, आणि आजच्यासारखा जीवसमूह दोन लाख वर्षांच्या त्या गाळात इतरत्र कुठेच दिसत नाही.

थरावरथर

वाचतोय. एकच भर: आता गाळातला डीएनएही वाचतात. परागकणांचा त्यात वाटा फार थोडा असतो, त्यामुळे पाइनचा डीएनए मिळाला तर तो बहुतेक करून जवळच्या झाडांचा. रंध्रांच्या जोडीला हा पुरावा फार उपयोगी आहे. उत्तर ग्रीनलंडच्या काप कोबेनहाउन इथल्या वीस लाख वर्षांपूर्वीच्या थरातून मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याचा डीएनए मिळाल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. ते थर तळ्याचे नाहीत, नदीच्या मुखाशी साठलेले आहेत, पण थंडीत डीएनए किती काळ टिकतो ते त्यावरून कळतं.

आणि लांबचा काळ हवा असेल तर सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकोत्कामधलं एल्गिगिट्गिन. ३६ लाख वर्षांपूर्वी उल्का आदळून झालेल्या खड्ड्यातलं तळं, ज्याच्यावर कधीच हिमस्तर चढला नाही. २००९ मध्ये गोठलेल्या तळ्यावर यंत्र उभारून छिद्र पाडलं आणि तळाचा तीनशेहून जास्त मीटर गाळ भेदला. सगळ्यात जुन्या भागात स्प्रूस, फर, हेमलॉक अशा झाडांचे पराग आहेत, आणि उन्हाळा आजच्यापेक्षा सुमारे ८ अंशांनी उबदार होता असा अंदाज आहे. आज तिथे टुंड्रा आहे.

पर्णिका

सगळ्यांचे मनापासून आभार. एल्गिगिट्गिनवर मात्र माझा पहिलाच प्रश्न परत येतो: तिथे तरी सुया कुठे आहेत? आणि शेवटचं विचारते. असा एखादा शोधनिबंध हातात आला तर सगळ्यात आधी कुठे बघावं?

गाळमित्र

एल्गिगिट्गिनचं तळं सुमारे बारा किलोमीटर रुंद आणि १७० मीटर खोल आहे. मध्यावर काढलेल्या गाभ्यात काठाची सुई पोचणं अवघड. तिथे भिस्त परागांच्या पूर्ण समूहावर आहे, नुसत्या पाइनवर नाही. आजच्या ठिकठिकाणच्या परागसमूहांशी तुलना करून कुठलं हवामान जुळतं ते बघतात. हेमलॉक आणि फर यांच्यासारखी झाडं थराथरात सोबतीनं, भरपूर येतात तेव्हा नुसतं वाऱ्याचं कारण पुरत नाही. तरी ज्या समूहासारखं आज कुठेच काही नाही, तिथे आकडा सैल धरावा.

शोधनिबंधात मी आधी आलेख बघत नाही, वयांचा तक्ता बघतो. कार्बन-१४ नं नेमकं कशाचं वय काढलंय? नुसता गाळ घेतला असेल तर मला धास्ती वाटते. ध्रुवीय मातीत जुना कार्बन गोठून पडलेला असतो, तो हळूहळू तळ्यात येतो आणि थर आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो. चुनखडीच्या भागात पाणवनस्पतीसुद्धा फसवतात, कारण त्या पाण्यातला जुना कार्बन घेतात. जमिनीवरच्या झाडाचं पान किंवा बी असेल, विलोचं, ड्रायसचं, बर्चचं, तर वय भरवशाचं. हल्ली मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो. गेल्या दीडशे वर्षांसाठी शिसे-२१० हवं, त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. शिवाय सीझियम-१३७ ची अणुचाचण्यांमुळे आलेली १९६३ ची चढण दिसतेय का बघा. यंगर ड्रायसच्या आसपासचं काम असेल तर आइसलंडच्या ज्वालामुखीतून आलेली ‘वेडे’ नावाची राख सापडलीय का तेही, ती सुमारे १२,१०० वर्षांपूर्वीची.

त्यानंतर तळ्याचं वर्णन. लहान, ओढा फारसा न येणारं, मधोमध खोल तळं असेल तर बरं. मोठी नदी येत असेल तर वरच्या काठाची माती, जुने पराग, जुनी पानं सगळं मिसळून येतं. वयं आणि तळं दोन्ही पटली तर पुढे आलेखाकडे जा, आणि त्यात पाइनच्या टक्केवारीशेजारी रंध्रांचा स्तंभ दिलाय का ते बघा.